हिऱ्याच्या अंगठीचं एस्टिमेट कसं वाचायचं

मागच्या महिन्यात माझी भाची दादरहून थेट माझ्याकडे आली. हातात एका पेढीवरून आणलेला चतकोर कागद. साखरपुड्याच्या अंगठीचं एस्टिमेट. त्यावर एवढंच लिहिलेलं: १८ केटी. ग्रॉस ३.८६. नेट ३.७६. डायमंड ०.५० सीटी, जीएच, व्हीएस. खाली घडणावळ, जीएसटी आणि एक मोठी रक्कम. "मावशी, मला यातली फक्त शेवटची ओळ कळली," ती म्हणाली.

मी बरीच वर्षं हिऱ्यांच्या असॉर्टिंगचं, म्हणजे प्रतवारी लावण्याचं काम केलं. आधी मुंबईत ऑपेरा हाऊसला, आणि २०१० मध्ये बीकेसीत भारत डायमंड बोर्स हा हिरेबाजार सुरू झाल्यावर तिकडे. टेबलावर पांढरा कागद, हातात चिमटा, डोळ्याला लूप म्हणजे छोटं भिंग, आणि समोर पुडीतून ओतलेली हिऱ्यांची ढिगुली. त्या कामाने एक गोष्ट पक्की शिकवली. या धंद्यातल्या बहुतेक शब्दांमागे एक माप असतं, आणि मापाला भाव असतो. ज्या शब्दामागे माप नाही, त्याचे पैसे मोजायचे नाहीत. "एकदम प्रीमियम क्वालिटी" हा असाच एक शब्द. भाचीबरोबर तो कागद ज्या क्रमाने वाचला, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. पहिल्यांदाच हिऱ्याचा दागिना घेणाऱ्या कुणालाही हा क्रम उपयोगी पडेल.

पायरी १: कॅरेट दोन आहेत, ते आधी वेगळे करा

मराठीत आपण दोन्हींना कॅरेटच म्हणतो आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. कागदावर "केटी" लिहिलं असेल तर ती सोन्याची शुद्धता. "सीटी" लिहिलं असेल तर ते हिऱ्याचं वजन. दोघांचा एकमेकांशी हिशेबात काही संबंध नाही.

सोन्याचे २४ भाग धरायचे. २२ केटी म्हणजे त्यातले २२ भाग सोनं, बाकी तांबं, चांदी वगैरे. म्हणून २२ केटीवर ९१६ हा आकडा असतो, १८ वर ७५०, १४ वर ५८५. हजारात किती भाग सोनं, ते हा आकडा सांगतो. हिशेबाला सोपं जावं म्हणून धरा की २४ केटीचा भाव ग्रॅमला ₹१०,००० आहे. तर १८ केटीचा ग्रॅम ₹७,५०० ला पडायला हवा आणि २२ केटीचा साधारण ₹९,१६७ ला. दुकानात पाटीवर बहुधा २२ आणि २४ चे भाव असतात. हिऱ्याची अंगठी मात्र बहुतेक वेळा १८ ची असते. म्हणून "तुम्ही मला कोणता भाव लावलाय?" हा प्रश्न मोकळेपणाने विचारायचा.

भाचीच्या होणाऱ्या सासूबाईंचं म्हणणं होतं की १८ चं सोनं म्हणजे हलकं, घ्यायचं तर बावीसच. पाटल्या, बांगड्या, गोठ यांना ते खरं आहे, आपल्या घरात सोनं मोडीच्या हिशेबानेही घेतलं जातं. पण २२ केटी मऊ असतं. हिऱ्याला धरून ठेवणाऱ्या बारीक नख्या त्यात लवकर वाकतात, झिजतात, आणि एक दिवस कणीक मळताना हिरा कुठे गेला ते कळत नाही. हिऱ्यासाठी १८ घेणं हे शहाणपणाचंच आहे.

हिऱ्याचा कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. पाच कॅरेट मिळून एक ग्रॅम. एका कॅरेटचे शंभर भाग, त्यांना आपल्या बाजारात सेंट म्हणतात. ०.५० सीटी म्हणजे पन्नास सेंट. दोन्ही कॅरेटचं मूळ एकाच बीमध्ये आहे, कॅरोबच्या झाडाची बी पूर्वी वजनाला वापरत. आपल्याकडे तेच काम गुंजेने केलं: ८ गुंजा म्हणजे एक मासा, १२ मासे म्हणजे एक तोळा. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज काउंटरवर दहा ग्रॅमलाही तोळाच म्हणतात, तेव्हा बोलणं ग्रॅममध्येच करा.

पायरी २: एकूण वजनातून हिरे वजा करा

ग्रॉस म्हणजे अंगठीचं एकूण वजन, खड्यांसकट. नेट म्हणजे फक्त सोनं. भाचीच्या कागदावर ०.५० कॅरेटचे हिरे होते, म्हणजे ०.१० ग्रॅम. ३.८६ मधून ०.१० गेले, ३.७६ उरले. नेट बरोबर होतं. हा हिशेब मोबाइलवर दहा सेकंदांत होतो आणि तो प्रत्येक वेळी करायचाच.

याबद्दल मी इतकी आग्रही का आहे, तेही सांगते. माझ्या लग्नात आईने मला खड्यांचा एक हार घेतला होता. पेढीचं नाव घेत नाही. बिलावर एकच वजन होतं, ४२ ग्रॅम, आणि सगळ्या वजनाला सोन्याचा भाव लावलेला. वीस वर्षांनी मोडायला नेला तेव्हा खडे आणि आतली लाख काढल्यावर ३३ ग्रॅम भरला. नऊ ग्रॅम काच आणि लाख आईने सोन्याच्या भावाने घेतली होती, तीही भिशीचे पैसे साठवून. अंगठीत फरक छोटा असतो. हारात, तोड्यांत, मोत्यांच्या आणि मण्यांच्या दागिन्यांत तो फार मोठा होतो.

पायरी ३: "०.५० कॅरेट" म्हणजे एक हिरा की अनेक?

भाचीला वाटलं होतं की तिच्या अंगठीत अर्ध्या कॅरेटचा एक हिरा आहे. विचारल्यावर कळलं की मधला हिरा ३० सेंटचा आणि भोवतीच्या बारीक हिऱ्यांचे मिळून २० सेंट. कागदावर लिहिलेलं खोटं नव्हतं, अपुरं होतं.

हा फरक पैशांत खूप मोठा आहे, कारण हिऱ्याचा भाव कॅरेटमागे असतो आणि हिरा मोठा होत जातो तसा कॅरेटमागचा भावही चढतो. दहा सेंटचे दहा हिरे मिळून वजन एक कॅरेट होईल, पण त्यांची किंमत एक कॅरेटच्या एका हिऱ्याच्या जवळपासही जात नाही. एकट्या मोठ्या हिऱ्याला सॉलिटेअर म्हणतात. भोवतालच्या बारीक हिऱ्यांना धंद्यात मेली म्हणतात. काही अंगठ्यांत सात-नऊ छोटे हिरे इतके चिकटून बसवतात की लांबून एकच मोठा वाटतो. त्याला इल्युजन सेटिंग म्हणतात. दिसायला सुंदर असतं, घ्यायलाही हरकत नाही, फक्त सॉलिटेअरच्या भावाने घेऊ नका. आपल्या पारंपरिक कुडीत मध्ये एक आणि भोवती सहा असे सात खडे असतात. तिथे कुणी फसत नाही, कारण सातही मोजता येतात. अंगठीतही तसंच मोजा.

म्हणून एस्टिमेटवर तीन आकडे मागा: हिऱ्यांची संख्या, सर्वांत मोठ्याचं वजन, बाकीच्यांचं एकत्र वजन.

मोठ्या हिऱ्याबाबत आणखी एक. गोल, नीट पैलू पाडलेला एक कॅरेटचा हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद दिसतो, अर्ध्या कॅरेटचा पाचच्या थोडा वर. वजन अर्धं झालं तरी रुंदी अर्धी होत नाही. आणि ०.५०, १.०० अशा पूर्ण आकड्यांवर भाव एकदम उडी मारतो. ०.९५ चा हिरा बोटात एक कॅरेटसारखाच दिसतो आणि स्वस्त पडतो. बजेट बेताचं असेल तर अशा थोड्या कमी वजनाचा हिरा शोधून द्यायला सांगा.

पायरी ४: कट, रंग, क्लॅरिटी

कागदावर "जीएच, व्हीएस" होतं. रंग आणि क्लॅरिटी होती, कटचा पत्ता नव्हता. बहुतेक एस्टिमेटवर नसतोच, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा.

कट म्हणजे आकार नव्हे. गोल, ओव्हल, प्रिन्सेस, पेअर, मार्कीज हे आकार झाले. कट म्हणजे पैलू किती नेमके पाडलेत ते. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. वरच्या सपाट पैलूला टेबल म्हणतात. सुरतेचे कारागीर वरच्या भागाला मथाळा आणि खालच्या निमुळत्या भागाला तळिया म्हणतात. प्रकाश टेबलातून आत शिरतो, तळियाच्या पैलूंवर आपटून परत वर येतो, आणि तीच आपल्याला दिसणारी चमक. तळिया फार खोल झाला की प्रकाश बाजूने गळतो आणि हिऱ्याच्या मध्यभागी काळोख दिसतो. फार उथळ झाला तर मध्ये माशाच्या डोळ्यासारखं करडं वर्तुळ येतं. ही प्रमाणं गणिताने मांडण्याचं काम मार्सेल टोलकोव्स्की यांनी १९१९ मध्ये केलं आणि आजचा गोल कट त्याच वाटेने आला आहे. कटच्या श्रेणी एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर अशा असतात. गोल हिरा असेल तर एक्सलंट किंवा व्हेरी गुडच घ्या. दगडाचा रंग आणि डाग निसर्गाने दिलेले असतात, कट माणसाच्या हातातला असतो. कमी प्रतीचा कट बहुतेकदा वजन वाचवण्यासाठी ठेवलेला असतो, आणि वाचवलेल्या त्या वजनाचे पैसे आपण देतो.

रंगाची श्रेणी इंग्रजी डी या अक्षरापासून झेडपर्यंत जाते. डी म्हणजे पूर्ण बिनरंगी, पुढे हळूहळू पिवळसर झाक वाढत जाते. ए, बी, सी का नाहीत? जुन्या पद्धतींमध्ये दुकानदार ही अक्षरं आपापल्या मनाने वापरत होते. जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेने गोंधळ नको म्हणून डीपासून सुरुवात केली. डी, ई, एफ बिनरंगी, जी ते जे जवळजवळ बिनरंगी. आम्ही रंग बघताना हिरा दुमडलेल्या पांढऱ्या कागदात उलटा ठेवायचो, टेबल खाली आणि टोक वर, कारण वरून बघितलं तर चमकच इतकी असते की रंग लपतो. तुम्हीही काउंटरवर हे करू शकता. दुकानातला पिवळा दिवा नको, दाराशी या, उजेडात बघा. पावसाळ्यातल्या मुंबईच्या ढगाळ दुपारी हिरा निस्तेज दिसतो, पण रंग मात्र खरा दिसतो.

पिवळ्या सोन्याच्या अंगठीत जी-एच पुरेसा आहे, आय-जेही चालतो, कारण सोन्याची झाक हिऱ्यात उतरतेच. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये मात्र जीच्या खाली जाऊ नये असं मला वाटतं.

क्लॅरिटी म्हणजे हिऱ्याच्या आत-बाहेर काय आहे. दहापट मोठं दाखवणाऱ्या लूपखाली ती ठरते. एफएल आणि आयएफ म्हणजे निर्दोष किंवा आतून निर्दोष. व्हीव्हीएसमध्ये तज्ज्ञालाही दोष कष्टाने सापडतो, व्हीएसमध्ये लूपने दिसतो पण नुसत्या डोळ्याला नाही. एसआयमध्ये लूपखाली सहज दिसतो, आयमध्ये पुष्कळदा नुसत्या डोळ्यालाही. व्हीव्हीएस, व्हीएस आणि एसआय या प्रत्येकात एक आणि दोन असे उपप्रकार आहेत, आयमध्ये तीन. जुन्या रत्नपरीक्षेतही दोषांना नावं होती: बिंदू, रेषा, काकपद. कावळ्याच्या पावलासारखी चीर म्हणजे काकपद. आम्ही टेबलावर काळा डाग, पिसासारखी चीर, ढग असं म्हणायचो. ढगाकडे लक्ष द्या. काही हिरे कागदावर चांगले असूनही दुधट दिसतात आणि त्यांना चमक येत नाही.

रोज वापरायच्या अंगठीसाठी व्हीएस पुरे. व्हीव्हीएसचे जास्तीचे पैसे कटवर किंवा थोड्या मोठ्या हिऱ्यावर लावा. व्हीव्हीएस हा शब्द ऐकायला भारी वाटतो म्हणून लोक घेतात, पण बोटातल्या अंगठीवर लूप लावून कुणी बघत नाही. मेलीच्या दागिन्यांत "ईएफ-व्हीव्हीएस", "जीएच-व्हीएस", "आयजे-एसआय" असे गट लिहितात, ती सरासरी समजावी.

फ्लोरेसन्स नावाचा आणखी एक शब्द हिऱ्याच्या लॅब रिपोर्टवर येतो. अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात हिरा निळसर चमकतो का, ते त्यातून कळतं. नन (अजिबात नाही) किंवा फेंट (पुसट) असेल तर पुढे वाचा. स्ट्राँग असेल तर तो हिरा उन्हात दुधट दिसत नाही ना, तेवढं बघून घ्या.

पायरी ५: नैसर्गिक, लॅबग्रोन की अमेरिकन?

भाचीच्या कागदावर हेही नव्हतं, आणि किमतीत सर्वांत मोठा फरक इथेच पडतो.

लॅबग्रोन हिरा खराच हिरा असतो. तोच कार्बन, तेवढाच कठीण. जमिनीखाली तयार होण्याऐवजी तो एचपीएचटी म्हणजे प्रचंड दाब-तापमानाच्या यंत्रात, किंवा सीव्हीडी म्हणजे वायूतून थरावर थर चढवून वाढवतात. नुसत्या डोळ्याने किंवा लूपने तो ओळखता येत नाही. दुकानात टोचून बघतात ते उष्णतेचं पेन लॅबग्रोनलाही हिराच म्हणतं, कारण तो हिराच आहे. त्यासाठी लॅबमधली यंत्रं लागतात. लॅबग्रोनचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरले आहेत आणि परत विकताना हातात फार कमी येतं. हौसेने मोठा हिरा घालायचा असेल तर जरूर घ्या, पण मोडीचा विचार करून घेऊ नका. बिलावर "नैसर्गिक" किंवा "लॅबग्रोन" हा शब्द स्पष्ट लिहून घ्या.

अमेरिकन डायमंड मात्र हिरा नाही आणि त्याचा अमेरिकेशीही संबंध नाही. तो क्यूबिक झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइड. मोझनाइट हाही वेगळा पदार्थ, सिलिकॉन कार्बाइड. त्याची रंगीत चमक हिऱ्यापेक्षा जास्त असते आणि साध्या उष्णतेच्या पेनाला तो फसवू शकतो. एक ग्रॅमचे दागिने म्हणून जे मिळतात ते मुलाम्याचे, त्यांचा इथे विषयच नाही.

पायरी ६: कागद आणि शिक्के तपासा

हिऱ्यासाठी रिपोर्ट, सोन्यासाठी हॉलमार्क. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

सॉलिटेअर असेल तर जीआयए किंवा आयजीआयसारख्या स्वतंत्र लॅबचा रिपोर्ट मागा. जीआयए १९३१ पासूनची संस्था आहे. पेढीने स्वतः छापलेलं कार्ड हा स्वतंत्र रिपोर्ट नव्हे. रिपोर्टचा क्रमांक पुष्कळदा हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला असतो. दुकानदाराला लूपखाली तो दाखवायला सांगा आणि लॅबच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकून बघा. रिपोर्टवर किंमत नसते, ती तो सांगत नाही. हिरा काय आहे, तेवढंच सांगतो.

सोन्यावर तीन खुणा हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा (१८के७५० असा) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवायचा हॉलमार्क दागिना विकता येत नाही. मोबाइलवर बीआयएस केअर ॲप घ्या, काउंटरवरच तो क्रमांक टाका, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. कुणी "केडीएमचं आहे" म्हणालं तर तो शुद्धतेचा शिक्का नाही हे लक्षात ठेवा. कॅडमियमने डाख दिलेलं सोनं एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या वाफा कारागिरांच्या फुप्फुसांना घातक होत्या.

दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला आणि कोंदण, पोलकी, जडावाच्या कामाला हॉलमार्कची सक्ती नाही. पोलकी म्हणजे पैलू न पाडलेले चपटे हिरे, मागे चमकीचा पत्रा आणि आत लाख. म्हणून नाकातली चमकी किंवा पोलकीचा हार घेताना निव्वळ सोन्याचं वजन आणि शुद्धता बिलावर लिहून घेणं हाच आधार.

पायरी ७: घडणावळ आणि परतीचा भाव

घडणावळ तीन प्रकारे लावतात: ग्रॅममागे, सोन्याच्या किमतीच्या टक्क्यांत, किंवा ठोक. टक्क्यांत असेल तर सोनं महागलं की मजुरीही आपोआप वाढते, कारागिराचं काम तेवढंच असताना. कुठे कुठे "वेस्टेज", म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं, वेगळं लावतात. दोन्ही मिळून रक्कम किती होते, तेवढी विचारा आणि त्यावरच घासाघीस करा. सोन्याच्या भावात ती फारशी होत नाही, मजुरीत होते. वर ३ टक्के जीएसटी.

बायबॅक आणि एक्स्चेंज हे दोन वेगळे शब्द आहेत. बायबॅकमध्ये रोख पैसे परत मिळतात, एक्स्चेंजमध्ये त्याच पेढीतून दुसरा दागिना घ्यावा लागतो. हिऱ्याला किती टक्के आणि सोन्याला किती, हे वेगवेगळं विचारा आणि बिलावर लिहून घ्या. तोंडी वचन देणारा काउंटरवरचा माणूस पाच वर्षांनी तिथे असेलच असं नाही.

भाची पुढच्या शनिवारी पुन्हा दादरला गेली, या वेळी प्रश्नांची चिठ्ठी घेऊन. पेढीतल्या काकांनी चिठ्ठी वाचली, तिला बसायला सांगितलं आणि नवीन एस्टिमेट लिहून दिलं: १८ केटी ७५०, नेट ३.७६. नैसर्गिक हिरे १७, मधला ०.३० सीटी, गोल, एक्सलंट कट, एच, व्हीएस १, रिपोर्ट क्रमांकासह. बाकी १६ मिळून ०.२० सीटी, जीएच-व्हीएस. घडणावळ ग्रॅममागे. एक्स्चेंज आणि बायबॅकचे टक्के वेगवेगळे. मजुरीत थोडे कमीही केले. काका तिला म्हणाले, "असं विचारणारं गिऱ्हाईक आलं की आम्हालाही बरं वाटतं."

अंगठी घेतली. मी तिला आता एवढंच सांगितलं आहे की वर्षातून एकदा पेढीत नेऊन नख्या तपासून घे, बिल आणि रिपोर्टचा फोटो काढून ठेव, आणि कणीक मळायच्या आधी ती काढून डबीत ठेव.